स्टोअरमधली गिटार

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळानं एकदा अभ्यासदौरा केला. राज्याच्या पश्चिम भागातल्या मोठ्या कारखान्यांना भेटी देऊन आणि तिथलं आदरातिथ्य पचवून मंडळ परतलं. त्या अभ्यासातून दोन गोष्टी निघाल्या: कार्यालयासमोरचं कारंजं आणि कारखान्याचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा. कारंज्यात पाणी कधी आलं नाही. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी त्याच्या हौदाला आतून निळा रंग देण्यात आला, म्हणजे लांबून पाहणाऱ्याची निराशा होऊ नये. ऑर्केस्ट्रा मात्र वाजला. त्याला ‘कलामंच’ म्हणायचं ठरलं, पुढे चेअरमनसाहेबांच्या वडिलांचं नाव लागलं, आणि मी कारखान्याच्याच शाळेत मराठी शिकवत असल्यामुळे निवेदक म्हणून माझी नेमणूक झाली. मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या सहकारात विचारणं हे वार्षिक सभेपुरतं असे, आणि तिथंही ‘मंजूर, मंजूर’ आधी ऐकू येई, प्रश्न मागाहून.

हार्मोनियम, ढोलकी, तबला ही मंडळी ओळखीची होती. नवी होती ती इलेक्ट्रिक गिटार. लालभडक, कडेला पांढरी पट्टी. ती कुणाला वाजवता येत नव्हती. तिला पिन लागते, वायर लागते, एवढं पाहून चेअरमनसाहेबांनी ती कारखान्याच्या वायरमनकडे दिली. साहेबांच्या कारकिर्दीतला हा एकच निर्णय मी मनापासून मानला.

वायरमन शिरूर कासारकडचा. लग्नातल्या बँड पार्टीत बेंजो वाजवलेला, त्यामुळे तारेची ओळख होती. बाकीचं तो रेडिओ ऐकून स्वतःच शिकला. विजेचे झटके खाऊन त्याची बोटं जाडजूड, काळसर झाली होती. त्या बोटांनी तो इतक्या अदबीनं तार दाबायचा की जणू तिच्यातूनही झटका बसेल. गिटारला हात लावण्याआधी तो दोनदा साबणानं हात धुवायचा. टँकरच्या दिवसांतही धुवायचा, स्वतःच्या वाट्याच्या पाण्यातून.

मात्र गिटार त्याच्याकडे राहत नसे. कारखान्याची वस्तू कारखान्याच्या स्टोअरमध्ये, असा नियम होता आणि स्टोअर आप्पांच्या ताब्यात होतं. आप्पा म्हणजे स्टोअरकीपर. साठीला टेकलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात इष्टलिंगाची लहान कापडी झोळी. कारखान्याची पायाभरणी झाली तेव्हापासून ते तिथं होते. दर शनिवारी दुपारी वायरमन चिठ्ठीवर सही करून गिटार नेई, संध्याकाळी परत आणून देई. तालीम समोरच्या शेडमध्ये चाले, आणि आप्पा स्टोअरच्या दारात लाकडी स्टूल टाकून कामाचे कागद चाळत बसत. कागद त्या दोन तासांत एकही उलटत नसे, हे मी निवेदकाच्या रिकामपणात टिपलं होतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं. बीडला जाताना पालीजवळ एरवी धरणाचं पाणी दिसायचं, त्या वर्षी नुसती धरणाची भिंत दिसायची. वायरमनचे भाऊ, भावजया, आई दर वर्षी टोळीनं लांबच्या कारखान्यांचा ऊस तोडायला जात. आमच्या कारखान्याला तोडून घेण्याइतका ऊसच उरला नव्हता. आणि याच दिवसांत, श्रावणात, गिटारचा आवाज बसला.

आवाज बसला म्हणजे बंद पडला नाही. तार छेडली की पूर्वी सूर लांबवर जायचा, कडेला एक चकाकी असायची. आता नुसतं ‘ढब्’ व्हायचं. भरल्या पिपावर टिचकी मारली की जसा आवाज येतो, तसा. त्या वर्षी कॉलनीतली सगळी पिपं रिकामी असल्यामुळे खणखणीत वाजत होती. भरल्यासारखी वाजत होती ती एकटी गिटार.

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला ते सगळ्यांनी ऐकलं. चेअरमनसाहेबांना संगीतातलं फारसं कळत नसे, पण आपल्या खुर्चीपर्यंत काय पोचतं नि काय पोचत नाही हे त्यांना अचूक कळे.

“काय ओ सर,” ते मला म्हणाले, “ह्या गिटारीला सर्दी झाली का?”

“दुष्काळात सर्दी कुठली, साहेब,” मी म्हणालो.

साहेब हसले नाहीत. “दसऱ्याला मोळीचा कार्यक्रम हाय. मंत्रीसाहेब येणार हायेत. त्या दिवशी असंच ढबढब वाजलं तर मंच बंद. आन् ही लाल वस्तू निर्लेखनात टाका.”

मोळी म्हणजे यंत्रात उसाची पहिली मोळी टाकून गळीत हंगाम सुरू करणं, आणि निर्लेखन म्हणजे वस्तू निरुपयोगी ठरवून कायमची बाद करणं. बाद झालेली वस्तू स्टोअरच्या मागच्या खोलीत जायची. तिथं फुटके पंप, मोडके पंखे, एका जुन्या चेअरमनांचा अर्धवट राहिलेला पुतळा असा ऐवज होता. त्या खोलीत गेलेलं काही पुन्हा बाहेर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

वायरमन त्या दिवशी माझ्यासोबत कॉलनीपर्यंत चालत आला. मग म्हणाला, “सर, आमच्या घरात कोयत्याबिगर दुसरं कायतरी हातात धरलेला मीच पैला.”

“जाणार नाही गिटार कुठं,” मी म्हणालो. निवेदकाला असं बोलायची सवय लागते.

“आन् औंदा आई येनार हाय ऐकायला. तिनं मला एकदा बी इस्टेजवर न्हाई पाह्यलं. दरसाल मोळीच्या आधीच टोळी निघती. औंदा टरक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हाय.” पुढं म्हणाला, “मला तिची ओवी वाजवायची हाय. जात्यावरची. ती खालच्या सुरात हाय सर, जाड तारांवर. आन् जाड ताराच मेल्यात.”

दसऱ्याला दोन महिने होते.

वायरमन असल्यामुळे त्यानं पहिला संशय विजेवर घेतला. गिटारचं मागचं झाकण खोललं, टाके तपासले, पिन घासली, वायर बदलली. आवाजाचा पोत बदलायचं बटण पूर्ण उघडं आहे ना, हे तीनदा पाहिलं. तारांखालच्या चुंबकाच्या पट्ट्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तारांच्या जवळ आणल्या. ‘ढब्’ थोडं मोठं झालं, एवढंच. मग अँप्लिफायरवर शंका आली, म्हणून त्याला माईक लावून मला बोलायला लावलं. मी नेहमीचं स्वागतपर निवेदन म्हणून दाखवलं. दुर्दैवानं तो आवाज अगदी स्वच्छ आला.

“मंग मशीनीत कायबी न्हाई,” वायरमन म्हणाला. “बिघाड तारांतच हाय.”

गिटारसोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती मी शब्दकोश घेऊन बसलो. त्यात लिहिलं होतं की वरच्या तारा साध्या असतात, खालच्या जाड तारांवर आणखी एक बारीक तार गुंडाळलेली असते. त्या वेढ्यांच्या फटींत घाम आणि मळ साचला की तार जड होते, तिची थरथर मरते आणि आवाज मंद होतो. वाजवून झाल्यावर तारा पुसाव्यात, जुन्या झाल्या की बदलाव्यात.

“घाम?” वायरमन दुखावला. “सर, मी हात धुतल्याबिगर हिला शिवलोय का कदी?”

शिवला नव्हता. पण पुस्तिका छापलेली होती, त्यामुळे तिचं पारडं जड होतं. तारांवर एक तांबूस झाकही दिसत होती. गंज असणार, असं आम्ही धरलं.

नव्या तारा बीडमध्ये मिळाल्या नाहीत. औरंगाबादला जाणाऱ्या ड्रायव्हरला चिठ्ठी दिली. तो दोन खेपा विसरला. मधल्या काळात कुणीतरी सांगितलं की जुन्या तारा पाण्यात उकळल्या की मळ सुटतो नि त्या पुन्हा बोलायला लागतात. मी घरी येऊन बायकोकडे तांब्याभर पाणी मागितलं.

“कशाला?”

“तारा उकळायच्यात.”

“तारा?” तिनं घागरीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. “भाजी करायलाव का तारांची?”

दिलं तिनं पाणी, पण घागरीवर झाकण जरा जोरात ठेवलं. टँकरचं पाणी बोअरचं, जड. त्या पाण्यात कॉलनीत डाळ शिजत नव्हती, तारा काय शिजणार. वाळल्यावर त्यांच्यावर पांढरी खरपुडी धरली, आणि आवाज होता त्याहून बसला.

अखेर औरंगाबादहून दोन संच आले. त्यातला एक शनिवारी चढवला. वायरमननं पहिली जाड तार छेडली आणि शेडमधला ढोलकीवाला बोलता बोलता थांबला. सूर पत्र्यापर्यंत जाऊन परत आला. स्टोअरच्या दारात आप्पांनी कागद खाली ठेवले.

“बोलली की बे,” ते तिथूनच म्हणाले.

पुढच्या शनिवारी गिटार आणली, पिन लावली, तार छेडली. ढब्.

वायरमननं गिटार मांडीवरून खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात तिला कुणी हात लावला नव्हता. शनिवारी संध्याकाळी ती स्टोअरमध्ये गेली होती, या शनिवारी तिथून निघाली होती. म्हणजे जे काही होत होतं, ते न वाजवता, कुलपाच्या आत होत होतं.

“गंधक,” वायरमन म्हणाला.

साखर पांढरी करायला गंधक लागतं. त्याची पोती स्टोअरमध्येच होती. गंधकाच्या वाऱ्यानं धातू काळवंडतो हे मीही शिकवत आलो होतो, विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना. आम्ही आप्पांकडे गेलो आणि गिटार गंधकापासून लांब ठेवता येईल का, असं विचारलं.

आप्पांनी चष्मा काढला. “गुर्जी, गंधक त्या टोकाला, गिटार ह्या टोकाला. मधी दोन भिंती. माझ्या स्टोअरमधी गंधक बी आपल्या जागी ऱ्हातंय.”

“तसं नव्हं आप्पा, वास...”

“वास लागला तर पैला मला लागंल. मी हितं लई वर्षं बसलोय. मी काळा पडलो का?”

वायरमन माझ्याकडे पाहू लागला. मी आप्पांच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि विषय सोडला.

आता एक संच उरला होता आणि दसरा जवळ येत होता. उरलेला संच चढवून तोही आठ दिवसांत मेला तर संपलंच. वायरमननं तो माझ्या घरी ठेवायला दिला, आमच्या कपाटात, बायकोच्या लुगड्यांखाली. पुढच्या शनिवारी तो मेलेल्या तारांशीच झगडत बसला. मी माझा रुमाल दिला, त्यानं एकेक जाड तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत रगडून पुसली. रुमालावर मातकट पिवळे पट्टे उमटले. आवाज बोटभर सुधारला.

रविवारी सकाळी बायको धुणं धुवायला बसली होती. धुण्याचं पाणीही मोजून. एका बादलीत सगळं घर. तिनं तो रुमाल दगडावर टाकला, साबण लावला आणि ओरडली, “ओ! इकडं या आधी!”

रुमालावर लाल डाग होते. जिथं पिवळे पट्टे होते तिथंच, साबणाच्या फेसात तांबडे लाल.

“कुनाचा हात कापला का?” तिनं विचारलं.

“नाही. गिटार पुसली फक्त.”

तिनं रुमाल नाकाशी नेला, मग पुन्हा साबण चोळला. डाग आणखी लाल झाला. आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं, जे माझ्या चेहऱ्यावर पुस्तिका वाचून आलं नव्हतं.

“हळद हाय ही,” ती म्हणाली. “हळदीला साबण लागला की लाल होती. पोळ्या करताना पदराला लागती तवा न्हाई का.” मग तिनं विचारलं, “गिटारीला हळद कावून लागली ओ?”

“मला काय माहीत.”

“मंग कुनाला माहीत? निवेदक तुमी हाव.”

सोमवारी सकाळी, भोंग्याच्या आधी, मी नि वायरमन स्टोअरला गेलो. त्याचा राग वाटेतच चढत होता. कुणीतरी मुद्दाम करतंय, साहेबांच्या पुढं आपल्याला पाडायला करतंय, सापडू द्या, असं तो बोलत होता. स्टोअरचं दार अर्धं उघडं होतं. आम्ही उंबऱ्यातच थांबलो.

आप्पा नुकतेच अंघोळ करून आले होते. हातात छोटी पितळी थाळी होती. आधी त्यांनी वजनकाट्याला हळदीचं बोट लावलं. मग कुलपाला, मग पान्ह्यांच्या फळीला. हे ते रोज करत, हे सगळ्यांना माहीत होतं. कारखान्यात हत्याराला हळद लावणारे ते काही एकटे नव्हते. मग ते कोपऱ्यात गेले. तिथं एका धुतलेल्या पोत्यावर गिटार भिंतीला टेकून उभी होती. लाल लाकडावर त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं. ते लाल रंगात कुठं गेलं ते दिसलंही नाही. नंतर अंगठा ओला करून, हळदीत बुडवून, त्यांनी सहाही तारा एकेक करून माखल्या. घाई नाही. जाड तारांना जास्त, कारण जाड तारा त्यांना मोठ्या वाटत असाव्यात. शेवटी तीन बोटांनी भस्माचे तीन पट्टे सगळ्या तारांवरून आडवे ओढले. तारा हळूच झणझणल्या. आप्पांनी हात जोडले.

वायरमनचा पाय दाराला लागला.

आप्पांनी वळून पाहिलं आणि थोडे ओशाळले. “यवढ्या सकाळी कसं काय?”

“आप्पा,” मी म्हणालो, “हे रोज करता?”

“औंदापासून धरलं. आधी श्रावणाचे सोमवार करत होतो. मंग साहेब निर्लेखनाचं बोलले, तवापासून रोज.” त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “यादी मलाच करायची असती, गुर्जी. तिथं गेलेलं म्हागारी येत न्हाई. म्हनलं, हिच्या माघं कुनीतरी पायजे.” मग वायरमनकडे पाहून, जणू कबुली द्यावी तसं म्हणाले, “शनवारी तुला द्यायच्या आधी पुसून घेतो म्या. धोतराच्या सोग्यानं. तुला सोच्छ लागती म्हून.”

म्हणजे आवाज बसला म्हणून साहेब संतापले, साहेब संतापले म्हणून आप्पांनी पूजा वाढवली, आणि पूजा वाढली तसा आवाज बसत गेला. आणि दर शनिवारी धोतराच्या सोग्यानं पुसताना वरची हळद जायची, उरलेली तारांच्या वेढ्यांत ठासून बसायची. आम्ही जिला गंज म्हणत होतो ती हळद नि भस्म होती.

वाटेत ज्यानं कुणाला तरी फाडून खायचं ठरवलं होतं, तो वायरमन खाली पाहत उभा होता. मग त्यानं जे केलं ते मी विसरलो नाही. तो आप्पांजवळ गेला, गिटारपुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, “आप्पा, तारांत बारीक फटी हायेत. त्यात हळद बसायली. थोडी हळद, आन् थोडं गंधक बी हाय.”

आप्पांनी आपल्या पिवळ्या अंगठ्याकडे पाहिलं.

“गंधक न्हाई,” ते म्हणाले. “गंधक दोन भिंतींच्या पल्याड हाय. म्याच हाय ते.”

“तसं न्हाई आप्पा...”

“तसंच हाय बे. उगं गंधकावर कावून घालतोस?”

ते स्टुलावर बसले. थाळी मांडीवर होती. त्यांनी सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातली झोळी चाचपली, जणू ती जागेवर आहे ना पाहावं. आणि मग त्यांच्या तोंडून स्टोअरकीपरला शोभेल असा प्रश्न आला.

“हिला झोळी कावून न्हाई?”

गिटारला झोळी नव्हती. तिच्यासोबत आलेला पुठ्ठ्याचा खोका उंदरांनी खाल्ला होता आणि नवं काही करायचं कुणाला सुचलं नव्हतं, पुस्तिका वाचणाऱ्यालाही नाही.

आप्पांनी रस गाळायच्या जाड कापडाचा एक तुकडा काढला, गेल्या हंगामात न वापरलेला. तो घरी नेऊन सुनेकडून झोळी शिवून आणली. गिटारच्या मानेपर्यंत चढणारी, वर नाडीची. उरलेला तारांचा संच घटस्थापनेनंतर वायरमननं चढवला, गिटार झोळीत गेली, नाडी बांधली गेली. त्यानंतर आप्पा सकाळी हळद लावत ती झोळीला. मी खात्री करून घेतली. आत हात घालायचं नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. झोळीत हात कधी घालायचा नि कधी नाही, हे त्यांच्याइतकं आमच्यात कुणाला माहीत होतं?

पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची, हत्यारांची पूजा. एरवी ती ज्याची त्यानं करायची. त्या वर्षी चेअरमनसाहेबांनी स्वतः सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहायचं ठरवलं होतं, आणि फोटोग्राफर बोलावला होता. उसाअभावी ज्या यंत्रांना जेमतेम महिनाभर काम मिळणार होतं, त्यांच्या अंगावर इतकी हळद त्याआधी कधी पडली नसेल. साहेब मुठीनं वाहत होते. फोटोत दिसायला हवी म्हणून.

मिल झाली, बॉयलर झाला, टर्बाईन झालं. लवाजमा स्टोअरमध्ये आला. वायरमन माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचा हात माझ्या दंडावर होता, हे मला दंड दुखल्यावर कळलं.

“मंचाचं साहित्य कुठाय?” साहेब म्हणाले. “त्या गिटारीची बी पूजा करू. काढा तिला पिशवीतून.”

आप्पा पुढं झाले. चेअरमन कुणीही असो, आप्पांनी आजवर कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं कारखान्याच्या इतिहासात नव्हतं.

“हिची पूजा झाली, साहेब.”

“झाली? मंग परत करू. फोटो घ्यायचाय.”

“एका दिसात दोनदा होत न्हाई, साहेब.”

“कुनी सांगितलं?”

“आमच्यात न्हाई होत,” आप्पा म्हणाले.

हा नियम त्यांनी त्या क्षणी तयार केला होता, यात मला शंका नाही. साहेबांनी पुरोहिताकडे पाहिलं. पुरोहित सकाळपासून उपाशी होता आणि अजून गोदाम बाकी होतं, तो म्हणाला, “असं असतं काही ठिकाणी.” साहेबांनी मुठीतली हळद झोळीवरच वाहिली, वर झेंडूचं फूल ठेवलं, फोटो निघाला, लवाजमा पुढं गेला. आप्पा स्टुलावर बसले आणि त्यांनी वायरमनला सांगितलं, “पानी आन बे जरा.” त्या वर्षी कुणी असं सहज पाणी मागत नसे.

दसऱ्याला मंडप सजला. मोळीसाठी गेवराईकडून, नदीकाठच्या एका बागाईतदाराच्या रानातून पानासकट निवडक ऊस आणला होता. त्याला पाहायला लोक जमले होते, कारण हिरवा ऊस पाहून बरेच दिवस झाले होते. मंत्रीसाहेब वेळेवर येणार नाहीत हे गृहीत होतं. ते किती उशिरा येतील एवढाच प्रश्न होता. अर्धा तास स्वागतगीतं झाली. त्यानंतर साहेबांनी मला खूण केली: चालू ठेवा.

मी माईकवर गेलो. निवेदनं मी लांबलचक करत असे, साहेबांना ती तशीच आवडत. त्या दिवशी एवढंच म्हणालो, “आता आमचे वायरमन त्यांच्या आईची एक ओवी वाजवतील.”

त्याची आई स्टोअरच्या दाराशी बसली होती, आप्पांनी आपलं स्टूल तिला देऊ केलं होतं पण ती जमिनीवरच बसली होती. आप्पा शेजारी उभे. वायरमननं खालची जाड तार छेडली. सूर निघाला आणि मंडपाच्या कनातीपर्यंत सरळ गेला, कडेची चकाकी शाबूत. मग जात्याच्या फेऱ्यासारखी चाल आली, सावकाश, एकाच जागी फिरून परत येणारी. समोर बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पुढच्या रांगेतल्या संचालकांनी पायाखालच्या जाजमाकडे पाहिलं. बऱ्याच जणांना आपापल्या घरचं जातं आठवलं असावं. तीन-चार मिनिटं झाली असतील. तेवढ्यात गाड्यांची धूळ दिसली आणि सगळा मंडप उभा राहिला.

मंत्रीसाहेबांनी मोळी टाकली, भाषणं झाली. चेअरमनसाहेब भाषणात म्हणाले की काल खंडेनवमीला यंत्रसामग्रीची विधिवत पूजा केल्यामुळे आज सगळं कसं सुरात आहे. टाळ्या पडल्या. निर्लेखनाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आमच्याकडं साहेबांनी एखादी गोष्ट पुन्हा न काढणं म्हणजेच मंजुरी होती.

मंडप ओसरल्यावर वायरमन आईकडे गेला. मी आप्पांजवळ होतो, त्यामुळे ऐकलं.

“कसं वाजलं?” त्यानं विचारलं.

आई उठता उठता म्हणाली, “चुकलास तू.”

“कुठं?”

“दुसऱ्या फेऱ्याला. तिथं खाली येत न्हाईत, वर जाऊन थांबत्यात.” तिनं ती ओळ गुणगुणून दाखवली, पदर सावरत, अगदी बारीक आवाजात. “आन् एकदा शेवटाला. तिथं तू घाई केलीस.”

“मोटारी आल्या म्हून.”

“येऊ दे की मोटारी.”

वायरमन माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा असा उजळला होता की आईनं त्याची तारीफ केली असती तरी इतका उजळला नसता.

“सर,” तो म्हणाला, “आईला चूक ऐकू आली!”

दुसऱ्या दिवशी तिचा ट्रक गेला. जाण्याआधी त्यानं ती ओळ तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतली होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी गिटार नेहमीप्रमाणे स्टोअरमध्ये परत आली होती. आप्पांनी हात धुतले, धोतराला कोरडे पुसले, अंगठा उजेडात धरून पाहिला, आणि मगच तिला झोळीत घातलं. नाडी बांधून झाल्यावर थाळी घेतली आणि कापडावर बोट टेकवलं. पुढं ती झोळी इतकी पिवळी, कडक झाली की वायरमननं एकदा ती धुवायला आमच्या घरी आणली. बायकोनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि तशीच परत दिली.

“साबन लावला तर सगळी लाल होईल,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या आप्पांची.”